एक्स्ट्रुडेट तडकतात, भुगा होतात: गॅमा ॲल्युमिना सपोर्टमधला दोष नेमका कुठे शोधावा

उत्प्रेरकाचा सपोर्ट, म्हणजे उत्प्रेरक धातूला धरून ठेवणारा सच्छिद्र आधार, म्हणून वापरल्या जाणाऱ्या गॅमा ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या एका रूपाच्या) एक्स्ट्रुडेटबद्दलची, म्हणजे लगदा छिद्रांतून दाबून काढलेल्या कांड्यांबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी एकाच वाक्यात येते: भट्टीतून काढले आणि हातात भुगा आला. भुगा भट्टीनंतर दिसतो, म्हणून दोष भट्टीच्या माथी मारला जातो. तापवण्याचा वेग निम्मा केला जातो, त्यात दोन दिवस जातात आणि पुढची बॅचही तशीच निघते. हा दोष मी अनेकदा निस्तरला आहे, आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ भट्टीच्या अलीकडे, पाण्यापाशी सापडले आहे. लगद्यात पाणी किती होते आणि ते लगद्यातून कोणत्या वेगाने बाहेर पडले, या दोन गोष्टींत बहुतेक उत्तर असते. आधीच गेलेला केसाएवढा तडा भट्टीत रुंद होतो आणि मग नजरेला पडतो. भट्टी खरोखरच दोषी असते असेही प्रसंग आहेत. त्यांची खूण पुढे दिली आहे.

येथे गृहीत धरलेली कृती नेहमीची आहे: बोहमाइटची (पाणी बांधलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची) भुकटी, नायट्रिक किंवा ॲसेटिक आम्लाने पेप्टायझेशन (कणांचे गुच्छ सोडवणे), मळणी, डायमधून (छिद्रे असलेल्या साच्यातून) सव्वा ते तीन मिलिमीटर व्यासाच्या कांड्या काढणे, वाळवण आणि शेवटी ५०० ते ५५० अंश सेल्सिअसला कॅल्सिनेशन, म्हणजे भट्टीत भाजणे. झिओलाइटला (सच्छिद्र स्फटिकी ॲल्युमिनोसिलिकेटला) ॲल्युमिनाचा बाइंडर (बंधक) घालून कांड्या काढणाऱ्यांनाही तपासणीचा हाच क्रम बहुतांशी लागू पडेल.

लक्षणे

सर्वप्रथम कोणतीही कृती न बदलता तुटलेल्या कांड्यांची मूठभर पांढऱ्या नव्हे, काळ्या कागदावर पसरावी आणि दहापट भिंगातून, दिवा बाजूने तिरपा धरून पाहावी. तडा कोणत्या दिशेने गेला आहे, यावरून तो कोणत्या टप्प्यावर जन्मला हे बरेचसे कळते.

कांडीच्या अंगावर आडवे, ठरावीक अंतराने आलेले, करवतीच्या दातांसारखे ओरखडे असतील तर दोष डायमध्ये किंवा लगद्याच्या घट्टपणात आहे. उभे, लांबीच्या दिशेने गेलेले बारीक तडे आणि टोकाशी फाकलेली कांडी ही वाळवणीची खूण आहे. कांड्या धनुष्यासारख्या वाकल्या असतील तर एक बाजू दुसरीपेक्षा आधी वाळली. तुटलेल्या तोंडावर मध्यभागी करडा किंवा काळा ठिपका दिसला, किंवा कांद्यासारखे पापुद्रे सुटले, तर सेंद्रिय पदार्थ नीट जळलेले नाहीत आणि येथे भट्टीकडे बोट दाखवायला हरकत नाही. कांडी वरून अखंड दिसते, पण बोटांना खडूसारखी पूड लागते आणि चिमटीत दाबली की कुसकरते, तेव्हा पेप्टायझेशन कमी पडलेले असते. भट्टीतून धडधाकट निघालेली कांडी धातूच्या क्षाराच्या द्रावणात टाकताच टचकन फुटत असेल, तर तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यासाठी वेगळा परिच्छेद दिला आहे.

दोन-तीन लक्षणे एकत्र दिसू शकतात. तसे झाल्यास जो दोष कृतीत सर्वांत आधी जन्मतो त्याच्यापासून सुरुवात करावी, कारण पुढचे दोष बहुधा त्याच्या पाठोपाठ आलेले असतात.

आधी मोजणी तपासावी

यात काहीही खर्च नाही, आणि निदान काही तक्रारी तरी येथेच मिटतात. गॅमा ॲल्युमिना हवेतील बाष्प झपाट्याने शोषून घेतो, आणि ओलसर कांडीची क्रश स्ट्रेंग्थ (दाबून तुटेपर्यंत सोसलेले बळ) कोरड्या कांडीपेक्षा कमी भरते. त्यामुळे भट्टीतून काढून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद पात्रात) थंड केलेला नमुना आणि दोन दिवस उघड्या ताटलीत राहिलेला नमुना यांच्या आकड्यांची तुलना करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. एक्स्ट्रुडेटसाठी एएसटीएम या मानकसंस्थेची डी ६१७५ ही आडव्या दाबाची पद्धत आहे. तिच्यात बळ कांडीच्या लांबीने भागून दर मिलिमीटरमागे किती न्यूटन असे सांगितले जाते. लांबी न मोजता नुसता ‘एका कांडीला इतके न्यूटन’ असा आकडा कोणी देत असेल, तर लांब कांड्यांची बॅच कारण नसताना मजबूत ठरते.

दुसरी गोष्ट सरासरीची. ठिसूळ पदार्थाचे तुटणे त्याच्या अंगातल्या सर्वांत मोठ्या तड्यावर ठरते, म्हणून आकडे एकाच बॅचमध्येही खूप विखुरतात. दहा कांड्या मोजून काढलेली सरासरी काहीच सांगत नाही. किमान पन्नास मोजाव्यात आणि खालच्या टोकाच्या किती कांड्या मर्यादेखाली गेल्या ते पाहावे. रिॲक्टरच्या थरात भुगा होतो तो या खालच्या टोकाच्या कांड्यांचा. थरातून प्रवाह जाताना होणारी दाबाची घट वाढवतो तोही तोच भुगा, सरासरी कितीही देखणी असली तरी. ताकद चांगली पण धूळ जास्त अशी स्थिती असेल तर झिजेची चाचणी, म्हणजे एएसटीएम डी ४०५८ मधले फिरते पिंप, वेगळी करावी. दाबाने तुटणे आणि घासून झिजणे या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: या बॅचमध्ये छिद्रांचे आकारमान मुद्दाम वाढवले आहे का? सच्छिद्रता वाढली की ताकद घातांकी वेगाने घसरते, हा संबंध रिश्केविच यांनी १९५३ मध्ये सच्छिद्र सिरॅमिकसाठी मांडला आणि ॲल्युमिनाच्या सपोर्टलाही तो व्यवहारात लागू पडतो. छिद्रे वाढवायची आणि ताकद तीच हवी, असा हट्ट असेल तर दुरुस्त करण्यासारखा दोष तेथे नाही. विनिर्देश बदलण्याची चर्चा करावी लागेल.

तीन बरण्या

माझ्या मते ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी आहे. प्रत्येक बॅचमधून तीन नमुने बाजूला ठेवावेत: डायमधून निघालेल्या ओल्या कांड्या, वाळलेल्या कांड्या आणि भाजलेल्या कांड्या. ओल्या कांड्या हवाबंद बरणीत ठेवाव्यात. तक्रार आली की तिन्ही बरण्या शेजारी शेजारी मांडून भिंगातून पाहाव्यात. वाळलेल्या बरणीतच तडे दिसले तर भट्टीचा आलेख उघडण्याची गरजच नाही. हे इतके उघड आहे की सांगण्याचीही लाज वाटावी. तरीही बहुतेक ठिकाणी फक्त भाजलेला नमुना जपलेला असतो, आणि मग निदान आठवणींवर चालते.

भुकटीतले पाणी

बोहमाइटच्या पोत्यावर जो ॲल्युमिनाचा टक्का लिहिलेला असतो तो पोते बंद होते तोवरचा. शुद्ध बोहमाइटच्या सूत्रातच १५ टक्के पाणी बांधलेले आहे. त्यावर बाजारातल्या बारीक स्फटिकांच्या भुकटीत आणखी शोषलेले पाणी असते, त्यामुळे १,००० अंशांना भाजल्यावर होणारी एकूण घट, म्हणजे एलओआय, २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. पोते दमट हवेत उघडे राहिले की हा आकडा सरकतो, पण कृतीच्या कागदावर ‘भुकटी १० किलो’ हेच राहते.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. समजा १० किलो भुकटीत ९ किलो पाणी घातले. एलओआय २५ टक्के असेल तर लगद्याच्या एकूण १९ किलोंत पाणी ११.५ किलो, म्हणजे ६०.५ टक्के. तीच कृती, पण भुकटीचा एलओआय ३० टक्के झाला, तर पाणी १२ किलो, म्हणजे ६३.२ टक्के. पावणेतीन टक्क्यांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो; हाताला मात्र तो घट्ट लगदा आणि बोटांना चिकटणारा लगदा यांच्यातला फरक म्हणून जाणवतो. शिवाय ॲल्युमिना ७.५ किलोंवरून ७ किलोंवर आल्यामुळे आम्लाचे त्याच्याशी असलेले प्रमाणही आपोआप ७ टक्क्यांनी चढते. एकाच निष्काळजीपणातून दोन बदल होतात, आणि दोन्हींचे वळण वाळवणीत तडे जाण्याकडेच असते.

तपासणी सोपी आहे. दोन ग्रॅम भुकटी वजन केलेल्या मुशीत घेऊन १,००० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत भाजावी, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा वजन करावे. हे प्रत्येक पोत्यासाठी, उघडल्याच्या दिवशी करावे आणि भुकटी, आम्ल व पाणी या तिघांचीही मापे कोरड्या ॲल्युमिनाच्या हिशोबाने लिहावीत. फक्त एवढा बदल करून ‘ऋतू बदलला की बॅच बिघडते’ ही तक्रार बंद झालेली मी पाहिली आहे.

आम्ल आणि मळणी

आम्लाचे काम बोहमाइटच्या कणांवर धन भार आणून त्यांचे गुच्छ सोडवण्याचे आहे. सुटे झालेले बारीक कण वाळताना एकमेकांत दाटीने बसतात आणि भाजल्यावर तेच कांडीचे बंध बनतात. आम्ल कमी पडले तर गुच्छ तसेच राहतात, त्यांच्यामध्ये मोठी छिद्रे उरतात आणि कांडी खडूसारखी होते. आम्ल जास्त झाले तर लगदा जेलीसारखा होतो, वाळताना फार आकसतो, छिद्रे बारीक होतात आणि तडे जातात. म्हणून ‘ताकद कमी आहे, आम्ल वाढवा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे: खडूसारख्या कांडीला तो लागू पडतो, उभ्या तड्यांच्या कांडीला तो मारक ठरतो.

पहिली तपासणी बाटलीची. नायट्रिक आम्ल ६८ ते ७० टक्के आहे असे गृहीत धरून कृती लिहिलेली असते आणि कोठारातून ६० टक्क्यांचे आलेले असते. २० अंशांना पहिल्याची घनता १.४१ च्या आसपास आणि दुसऱ्याची १.३७ च्या आसपास असते. साधा हायड्रोमीटर हा घोटाळा पाच मिनिटांत उघडा पाडतो. हातमोजे, चष्मा आणि धूर ओढणारे कपाट यांशिवाय हे करू नये, आणि विरळ करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे.

दुसरी तपासणी आम्ल कसे घातले जाते याची. तीव्र आम्ल एकाच जागी ओतले की तेथे लगेच जेलीचा गोळा होतो आणि उरलेली भुकटी कोरडीच राहते. एकाच कांडीत मग दोन प्रकारचे पदार्थ येतात, ते वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि त्यांच्या सीमेवर तडा जातो. भिंगाखाली असा गोळा तुटलेल्या तोंडावर चकचकीत, काचेसारखा ठिपका म्हणून दिसतो आणि भोवतालचा भाग निस्तेज, रवाळ असतो. एकदा हे पाहिले की पुन्हा चुकत नाही. उपाय असा की आम्ल कृतीतल्या पाण्याच्या मोठ्या भागात विरळ करून, मिक्सर चालू असताना, काही मिनिटांत फवाऱ्याने घालावे आणि उरलेले पाणी शेवटी, लगद्याचा अंदाज घेत, थोडे थोडे द्यावे.

मळणी पुरेशी झाली की नाही हे मोटरच्या विद्युतप्रवाहावरून कळते: तो आधी चढतो, मग स्थिरावतो किंवा किंचित उतरतो. तो चढत असतानाच लगदा काढला तर मळणी अपुरी आहे. हाताची खूण हवी असेल तर लगद्याची पेन्सिलएवढी वळी करून ती वाकवावी. बाहेरच्या अंगाला भेगा पडल्या तर लगदा कोरडा किंवा अपुरा मळलेला आहे, तळहाताला चकाकणारा थर राहिला तर ओला आहे. ही खूण अनुभवाची आहे, प्रमाण पद्धत नव्हे, पण मी ती यंत्राच्या आकड्याइतकीच गंभीरपणे घेतो.

डाय आणि बॅरल

येथे पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. काही छिद्रे बुजली असतील तर उरलेल्या छिद्रांतून लगदा अधिक वेगाने जातो आणि अंगावर दात उमटतात. जुन्या डायची कड झिजून एका बाजूला ओरखडा देत असेल, तर प्रत्येक कांडीवर एकाच जागी सरळ रेघ दिसते; ही रेघ वाळवणीच्या तड्यासारखी वाटते, पण तिची जागा बदलत नाही. त्रिदली किंवा चौदली आकाराच्या डायमध्ये दोन पाकळ्यांच्या खाचेत ताण साठतो, म्हणून तेथली कड गुळगुळीत असणे अधिक महत्त्वाचे. लगद्यात हवा अडकलेली असेल तर तुटलेल्या तोंडावर गोल पोकळ्या दिसतात. निर्वाताची सोय असल्यास त्या पंपाचा फिल्टर आधी तपासावा.

एक गोष्ट मात्र सहज निसटते. वंगण आणि चिकटपणासाठी मिथाइल सेल्युलोज घातले असेल, तर ते तापल्यावर पातळ होत नाही, उलट साधारण ५० ते ६० अंशांना त्याची जेली बनते. घर्षणाने बॅरल (लगदा ज्यातून डायकडे ढकलला जातो ती नळी) तापले, थंड पाण्याचा पुरवठा मंदावला, की लगदा अचानक घट्ट होतो, दाब चढतो आणि कांड्यांचे अंग फाटते. कामगार तेव्हा पाणी वाढवतो, आणि दोष वाळवणीत सरकतो. सकाळच्या कांड्या चांगल्या आणि दुपारच्या वाईट अशी नोंद असेल, तर पाण्याच्या आधी बॅरलचे तापमान पाहावे.

वाळवण

बहुतेक तडे येथे जन्मतात, म्हणून येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

ओल्या कांडीत कणांच्या मधली जागा पाण्याने भरलेली असते. वरचे पाणी उडते तसे आतले पाणी वर येते, कण जवळ येतात आणि कांडी आकसते. कण एकमेकांना टेकेपर्यंत हे आकसणे चालते. त्यानंतर पाण्याची पातळी छिद्रांच्या आत उतरते आणि प्रत्येक छिद्रातले पाणी आपल्या भिंती आत ओढू लागते. ही ओढ किती असते याचा हिशोब करून पाहावा: पाच नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाण्याचा केशिकादाब सुमारे २९ मेगापास्कल येतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ २९० पट. एवढी ओढ सर्व बाजूंनी सारखी असेल तर कांडी फक्त आकसते. साल वाळलेली आणि गाभा ओला असेल, तर साल आकसू पाहते, गाभा तिला आकसू देत नाही, आणि साल फाटते. किस्लर यांनी १९३१ मध्ये द्रवाची वक्र पातळीच निर्माण होऊ न देता जेल वाळवून एरोजेल (न आकसलेला, अतिसच्छिद्र जेल) मिळवले, ते याच ओढीला बगल देऊन. आपल्याला एवढा खटाटोप नको. साल आणि गाभा यांच्यात पाण्याचा फरक फार पडू द्यायचा नाही, इतकेच साधायचे आहे.

म्हणून निर्णायक प्रयोग असा करावा. एकाच लगद्याच्या, एकाच वेळी काढलेल्या कांड्या तीन ट्रेवर एकेरी थरात पसराव्यात. पहिला ट्रे सैल झाकणाखाली रात्रभर टेबलावर ठेवावा, दुसरा नेहमीप्रमाणे थेट ओव्हनमध्ये, आणि तिसरा ओव्हनमध्ये ५० अंशांच्या आसपास, खाली पाण्याचे पसरट भांडे ठेवून. दुसऱ्या दिवशी तिन्ही ट्रे १२० अंशांना पूर्ण वाळवून भिंगाखाली पाहावेत. झाकलेला ट्रे अखंड आणि नेहमीचा ट्रे तडकलेला असेल, तर लगदा निर्दोष आहे आणि वाळवण दोषी. तिन्ही तडकले, तर मागे जाऊन आम्ल आणि पाणी पुन्हा तपासावे. या एका प्रयोगावर मी इतर कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक विसंबतो.

वाळवण दोषी ठरली तर ट्रेचे वजन दर अर्ध्या तासाला घेऊन आलेख काढावा. सुरुवातीला वजन सरळ रेषेत उतरते, मग उतार मंदावतो. सरळ उताराच्या काळात आकसणे चालू असते, म्हणून तेवढाच काळ हवा दमट, तापमान ४० ते ६० अंश आणि वारा मंद ठेवावा. उतार मंदावल्यावर तापमान ११० ते १२० अंशांपर्यंत चढवण्यास सहसा हरकत नसते. संपूर्ण वाळवण संथ करण्याची गरज नाही. तसे करणारे लोक वेळ घालवतात आणि मग कंटाळून नेमका सुरुवातीचा टप्पाच घाईने उरकतात.

वाऱ्याबद्दल एक प्रसंग सांगतो. एका ओव्हनमध्ये खालचे ट्रे नेहमी चांगले निघत आणि सर्वांत वरचा ट्रे नेहमी तडकलेला. बरेच आठवडे आम्ही आम्लाचे प्रमाण खालीवर करत राहिलो, कारण निकाल येई तो सर्व ट्रे एकत्र मिसळून, आणि त्यात एकूण तडक्या कांड्यांचा टक्का फक्त थोडा हलत असे. ट्रेनिहाय नमुने वेगळे ठेवल्यावर पहिल्याच दिवशी उलगडा झाला: पंख्याचा झोत थेट वरच्या ट्रेवर येत होता. पत्र्याचा वाकवलेला तुकडा त्या झोतापुढे अडवला आणि तक्रार संपली. तेव्हापासून कोणतेही ओव्हन तपासताना मी आधी कागदाची पट्टी धरून वारा कोणीकडून येतो ते पाहतो.

भट्टी

वाळलेली बरणी निर्दोष आणि भाजलेली सदोष असेल, तरच येथे यावे.

भट्टीत दोन गोष्टी एकामागून एक घडतात. २०० ते ३५० अंशांच्या पट्ट्यात सेल्युलोज, स्टार्च यांसारखे सेंद्रिय पदार्थ जळतात आणि नायट्रेटचे विघटन होते. येथे उष्णता बाहेर पडते. पुढे ४०० ते ५०० अंशांच्या आसपास बोहमाइटमधले बांधलेले पाणी वाफ होऊन निघते आणि गॅमा ॲल्युमिना तयार होतो. येथे उष्णता शोषली जाते. पहिल्या पट्ट्यात थर जाड असेल आणि हवा कमी असेल, तर आतल्या कांड्यांचा गाभा काळा राहतो, किंवा थराचे तापमान भट्टीच्या दर्शकापेक्षा पुष्कळ वर उडी घेते आणि पापुद्रे सुटतात. दर्शकाचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बहुधा भिंतीजवळ असतो, म्हणून दुसरा थर्मोकपल थराच्या मध्यभागी खुपसून दोन्ही आलेख एकावर एक ठेवावेत. मधला आलेख भिंतीच्या आलेखाच्या वर गेला, की कारण सापडले. थर पातळ करावा, हवा वाढवावी, मिनिटाला एक ते दोन अंश या वेगाने चढावे आणि २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान तासभर थांबावे.

दुसऱ्या पट्ट्यात तडे क्वचित जातात, पण वाफ थरात कोंडली तर पृष्ठफळ (छिद्रांच्या आतल्या भिंतींसह एकूण क्षेत्रफळ) घटते. गॅमा ॲल्युमिनाचे पृष्ठफळ साधारणपणे दर ग्रॅमला १५० ते ३०० चौरस मीटर असते. ताकद वाढवण्यासाठी तापमान वाढवत नेण्याचा मोह झाला तर ८०० अंशांच्या आसपास डेल्टा, १,००० च्या आसपास थीटा आणि १,१०० च्या पुढे अल्फा अशी रूपे येऊ लागतात, आणि अल्फात पृष्ठफळ दहाच्याही खाली जाते. कांडी दगडासारखी होते, उत्प्रेरक म्हणून मात्र उपयोग उरत नाही. काढतानाही गरम ट्रे थंड फरशीवर ठेवू नये. १५० अंशांखाली येऊ द्यावे आणि लगेच बंद डब्यात भरावे.

द्रावणात टाकताच फुटणे

अगदी कोरडी कांडी द्रावणात बुडवली की द्रव सर्व बाजूंनी आत धावतो, मधली हवा कोंडून दाबली जाते, वर शोषणाची उष्णता भर घालते, आणि कांडी टचकन फुटते. वीस कांड्या शुद्ध पाण्यात टाकून किती फुटल्या ते मोजावे. पाण्यातही फुटत असतील तर धातूच्या क्षाराला दोष देण्याचे कारण नाही. कांड्या आधी दमट हवेत ठेवून थोडे बाष्प शोषू द्यावे, किंवा बुडवण्याऐवजी फिरत्या पिंपात छिद्रांच्या आकारमानाएवढेच द्रावण फवाऱ्याने द्यावे. शोषलेले बाष्प छिद्रांतली जागा व्यापते, म्हणून द्रावणाचे आकारमान त्यानुसार कमी करण्यास विसरू नये. तरीही फुटत असतील तर कांडीत आधीपासूनच बारीक तडे आहेत. वाळवणीकडे परत जावे.

महागड्या चाचण्या

वरचे सर्व करून उत्तर मिळाले नाही, तरच नमुने बाहेर पाठवावेत, आणि नेहमी चांगल्या बॅचचा नमुना जोडीला द्यावा, कारण एकट्या आकड्याला अर्थ नसतो. क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांखाली १४.५ अंशांजवळ शिखर उरले असेल तर बोहमाइटचे रूपांतर अपुरे आहे. हेच शिखर कच्च्या भुकटीत पूर्वीपेक्षा अरुंद झाले असेल तर स्फटिक मोठे आहेत, आणि मोठ्या स्फटिकांचे पेप्टायझेशन अवघड जाते; अशा वेळी पुरवठादाराने लॉट बदलला का, हे विचारावे. पाऱ्याची पोरोसिमेट्री (छिद्रांत पारा दाबून त्यांचा आकार मोजणे), जिचे समीकरण वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये दिले, कणांच्या गुच्छांमधली मोठी छिद्रे दाखवते आणि खडूसारख्या कांडीचे कारण पक्के करते. वायू शोषवून मोजण्याच्या १९३८ च्या बीईटी पद्धतीने काढलेले पृष्ठफळ भट्टीच्या प्रश्नांना उत्तर देते, तड्यांच्या प्रश्नांना जवळजवळ देत नाही. तरी सर्वांत आधी तीच चाचणी मागवली जाते, याचे मला नेहमी नवल वाटते.

कुठे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

भट्टीच्या धुराड्यातून तपकिरी वायू दिसला तर ते नायट्रोजनचे ऑक्साइड आहेत. जागा मोकळी करावी, आणि वायू धुण्याची यंत्रणा तपासल्याशिवाय पुढची बॅच लावू नये. नायट्रेट आणि सेल्युलोज एकत्र वाळले म्हणजे इंधन आणि ऑक्सिडंट एकत्र आले. थराचे तापमान भिंतीच्या पुढे धावू लागले, तर दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा, तापवणे बंद करावे आणि प्रक्रिया-सुरक्षेच्या जाणकाराला बोलवावे. आम्लाचे किंवा सेंद्रिय पदार्थाचे प्रमाण बदलून मोठ्या भट्टीत जाण्याआधी तापमानाच्या चढत्या क्रमात वजन व उष्णता मोजणारी चाचणी त्याच्याकडूनच करून घ्यावी.

एक्स्ट्रुडरचा दाब निर्मात्याच्या मर्यादेपाशी पोहोचला, तर दाब पूर्ण उतरवल्याशिवाय डायचा एकही बोल्ट सैल करू नये. दाब उतरत नसेल तर ते काम निर्मात्याच्या तंत्रज्ञाचे आहे. निकेल, कोबाल्ट किंवा षट्संयुजी क्रोमियम असलेल्या कांड्यांचा भुगा झाडूने गोळा करू नये. ही धूळ कर्करोगकारक आहे, आणि तिच्यासाठी औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञाने ठरवलेली शोषणव्यवस्था व मुखवटेच वापरावेत.

कांड्या रिॲक्टरमध्ये भरून झाल्या आणि दाबाची घट चालू स्थितीत वाढू लागली, तर वरील एकही तपासणी तेथे लागू होत नाही. क्षपण झालेला (ऑक्सिजन काढून धातुरूप केलेला) निकेल हवेत आपोआप पेट घेतो, आणि कार्बन मोनॉक्साइड उरलेला असताना थर २०० अंशांच्या खाली थंड झाला तर अत्यंत विषारी निकेल कार्बोनिल तयार होऊ शकतो. अशा थराला हात लावणे, तो चाळणे किंवा उपसणे हे निष्क्रिय वायूखाली काम करणाऱ्या प्रशिक्षित पथकाचेच काम आहे. त्या पथकाला द्यायला आपल्याकडे त्या बॅचच्या तीन बरण्या, पोत्यांचे एलओआय आणि ट्रेनिहाय नोंदी असाव्यात.